तत्त्वतः हो

नाना,

तुझ्या शोकसभेत तुला 'विज्ञानाचा निस्सीम उपासक' म्हणाले. म्हणणारा कोण, तर औद्योगिक वसाहतीतला आपला तो कारखानदार, जो आपल्या उन्हाळी शाळेच्या एकाही व्याख्यानाला शेवटपर्यंत बसला नाही. शाल-श्रीफळ हातात पडलं की त्याला फोन यायचा आणि तो बाहेर जायचा. सभा तुझ्याच मंगल कार्यालयात होती. मागे तोच गुलाबी पडदा आणि तेच थर्माकोलचे दोन मोर. 'शुभविवाह' ही अक्षरं तुझ्या मुलाने तेवढी काढली होती, पण मागे राहिलेल्या गोंदाच्या डागांवरून ती लांबूनही वाचता येत होती. वधूवरांच्या दोन लाल खुर्च्यांपैकी एकीवर तुझा फोटो ठेवला होता, दुसरी रिकामी होती. मला हसू आलं नाही. तुला आलं असतं.

विज्ञानाचा उपासक! तुला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं. शाळेत आपण एका बाकावर होतो आणि विज्ञानाच्या पेपरला तू माझ्या खांद्यावरून बघून लिहायचास, तेही चुकीचं. तू मांडववाला होतास. मांडव, खुर्च्या, गाद्या, आचारी, बँड, आणि पुढे स्वतःचं मंगल कार्यालय. माणसं गोळा करून जेवायला घालणं एवढंच तुला यायचं. शास्त्रज्ञ आले काय नि वऱ्हाड आलं काय, तुला सारखंच.

मलाही बोलायला उभं केलं. "नाना गेला आणि एक पर्व संपलं," असं काहीतरी मी म्हणालो. शोकसभेत खरं बोलायची आपल्याकडे रीत नाही आणि रीत मोडण्याइतकं धैर्य मला ना वर्गात होतं, ना संसारात. मग एकाने सुस्कारा टाकून सांगितलं, की धंद्याच्या अडचणींमुळे नानांना शाळा बंद करावी लागली, ही खंत त्यांना अखेरपर्यंत होती. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. हे वाक्य गावात प्रथम कोणी सोडलं ते त्या सभेत एकट्या मला माहीत होतं. म्हणून हे लिहितो आहे आणि छापायलाही देणार आहे.

तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना लागेल. भौतिकशास्त्रात आणि खगोलशास्त्रात संशोधन करणारी मुलं देशभरातून दर मे महिन्यात पंधरवडाभर महाडला यायची. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांमधली माणसं त्यांना शिकवायला यायची. महाडच का, असं कोणी विचारलं की मी निसर्गसान्निध्याबद्दल बोलायचो. खरं कारण वेगळं होतं. त्या संस्थांनी तरुणपणी मला दारात उभं केलं नव्हतं. इथल्या कॉलेजात आयुष्य गेल्यावर त्यांना आपल्या दारात आणून बसवायची मला हौस आली, एवढंच. सरकारी अनुदान मंजूर व्हायचं, पण हातात यायचं ते मुलं घरी पोचून प्रबंधाचं एखादं प्रकरण लिहून झाल्यावर. तोवर त्यांना खायला घालायचं कोणी आणि झोपवायचं कुठे?

म्हणून तू.

मे महिना म्हणजे लग्नसराईचा कळस. त्या पंधरवड्यात तुझा हॉल रिकामा राहणं म्हणजे आंबेवाल्याने हंगामात सुट्टी घेण्यासारखं. तरी तू तारखा राखून ठेवायचास आणि मी ते गृहीत धरायचो. उलट तुझ्या व्यवस्थेला नाकं मुरडायचो. नाकं मुरडण्यासारखंही पुष्कळ होतं म्हणा. फळा हवा म्हणून सांगितलं, तर तू 'परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे' हा जुना बोर्ड काळा रंगवून आणलास. दोन दिवसांत रंग उडाला आणि कृष्णविवरांच्या समीकरणांमागून 'सहर्ष स्वागत' डोकावायला लागलं. पाहुणे प्राध्यापक आत शिरताना तू सनई लावायचास. तो बंगाली खगोलशास्त्रज्ञ आठवतो? फेटा बांधून त्याला वराच्या खुर्चीत बसवलंस आणि बिचारा मुंडावळ्यांची वाट बघत असल्यासारखा बसून राहिला. पंगतीत तर तू संशोधकांच्या मागे उभा राहून जिलेबीचा आग्रह करायचास. "घ्या हो, ताऱ्याला काय भूक कमी लागते?" मुलं हसायची. मी खाली ताटात बघायचो. मला तुझी लाज वाटायची, नाना.

आणि चहा! सिद्धता ऐन शेवटच्या ओळीवर आलेली असताना तुझा माणूस किटली घेऊन आत यायचा. प्राध्यापक चडफडत खडू ठेवायचे. मी तुला दहादा सांगितलं. तू म्हणालास, "चहा गार झाला तर कोन पिणार? गणित काय गार होत नाय." आज कबूल करायला हरकत नाही, की त्या अवेळच्या चहावर मुलं एकमेकांशी बोलायला लागली. मदुराईची मुलगी आणि गुवाहाटीचा मुलगा त्या व्हरांड्यात भांडले, आणि अजून दोघे मिळून काम करतात. माझ्या व्याख्यानांनी कोणी जोडलं गेल्याचं मला आठवत नाही.

एका वर्षी तू ऐन मधल्या दिवशी लग्न घेतलंस. कोणा मुलीच्या बापाला दुसरीकडे तारीख मिळत नव्हती, मुहूर्त दुपारचा होता आणि तू आम्हाला न विचारता हो म्हणून बसलास. रेडिओ दुर्बिणीवर काम करणारा माणूस खास विमानाने आला होता. तो स्वयंपाकघराशेजारी, भाज्यांच्या टोपल्यांमध्ये लॅपटॉप उघडून उभा आणि आत मंगलाष्टकं चाललेली. मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो, मांडववाला तो मांडववालाच राहणार म्हणालो. तू नुसता म्हणालास, "मास्तर, तुझे तारे पळून नाय जात. मुहूर्त जातो." गाव मला सर म्हणतं. मास्तर म्हणणारा तू एकटा, आणि त्यात आदर नव्हता हे मला ठाऊक होतं.

असो. हे सगळं मी मित्रांत रंगवून सांगायचो आणि ते हसायचे. तुझा तिरस्कार करणं सोपं होतं. तू हातवारे करून बोलायचास, घामाघूम व्हायचास, आमदाराला वाकून नमस्कार करायचास. आमचं वाकणं दिसत नाही, कारण आम्ही अर्जात वाकतो.

आता त्याच गोष्टीवर येतो.

आपल्या तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून माणसं गाडली गेली, त्यानंतर आपल्याकडचा पाऊस बदलला. म्हणजे पाऊस तोच, पण तो जोराने पडायला लागला की माणसं आभाळाकडे न बघता डोंगराकडे बघायला लागली. त्याच्या पुढच्या शाळेत गुरुत्वीय लहरींवर व्याख्यान झालं. ते संपल्यावर हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर तू बडीशेप चघळत बसला होतास.

"मास्तर, तो टकलू काय बोलला? रस्त्यावरनं ट्रक गेला तर त्यांच्या यंत्राला कळतो?"

"ट्रक काय, लांबच्या समुद्राच्या लाटासुद्धा कळतात. इतकं नाजूक असतं ते."

"मग डोंगर हलला तर कळंल?"

"तत्त्वतः, हो."

"तत्त्वतः म्हंजे?"

"म्हणजे निसर्गनियमांत बसतं."

"मग झालं तर," तू म्हणालास आणि उठलास.

नाना, आमच्या शास्त्रात 'तत्त्वतः हो' याचा अर्थ होतो, 'मी ते करणार नाही, कोणी करेल असं वाटत नाही, पण मला अडाणी समजू नका.' हे तुला माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. शिवाय मी तुला थांबवलं नाही, कारण हेच मी दिल्लीला लिहीत होतो. अनुदानाच्या अर्जात 'स्थानिक समाजाला होणारा उपयोग' असा एक रकाना असतो. त्यात मी त्या वर्षी दरडप्रवण भाग, सूक्ष्म कंपनं, जाणीवजागृती असे शब्द पेरले होते. शाळेत त्यातलं काही शिकवलं जाणार नव्हतं. शिकवणाऱ्यांपैकी एकालाही मातीतलं काही कळत नव्हतं.

तू मुंबईला गेलास. पोलादपूरच्या वर डोंगरात 'वरचा कोंड' नावाची वाडी आहे. घरं थोडी, आणि कमावते पुरुष बहुतेक मुंबईत. वाडीच्या मुंबई मंडळाची बैठक परळला एका खोलीत होते आणि देवळाच्या पत्र्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत वाडीचं सगळं तिथे ठरतं. त्या खोलीत तू उभा राहिलास आणि म्हणालास, की महाडला मोठमोठे शास्त्रज्ञ येतात, डोंगर कुठे हलतो ते त्यांच्या यंत्राला आधी कळतं, त्यांच्या शाळेला मदत करा. मंडळाने देवळाचं रंगकाम पुढे ढकललं आणि वर्गणी आपल्याला दिली. तू परत आलास तो छाती फुगवून. मी पाठीवर थाप मारली. दिल्लीला मी लिहिलं तेच तू परळला बोललास. फरक एवढाच की दिल्लीने त्यावर विश्वास ठेवला नव्हता. वरच्या कोंडाने ठेवला.

समारोपाला देणगीदारांचे सत्कार असायचे. वरच्या कोंडातून शेवंता आली. वाडीतला बचत गट ती चालवते, आणि पुरुष मुंबईत असल्यामुळे बाकीचंही तीच चालवते. मुलांसाठी पाटीभर करवंदं घेऊन आली होती. शाल घेताना तिने मला हळूच विचारलं, "सर, आमचा डोंगर कवा बघायला येताय? वरच्या अंगाला भेग पडली हाय. वाढते का बघाया मी धोंडा घालून ठेवलाय."

मी म्हणालो, "अभ्यास चालू आहे."

"चालू हाय ना? मग झालं."

पुढच्या वर्षी पुन्हा करवंदं, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षी पंगतीत ती माझ्या समोर बसली होती आणि हसत हसत सांगत होती. वाडीवर सरकारी सर्वेक्षणाचा माणूस आला होता, जीपने, मोजायची टेप घेऊन. त्याने भेग मोजली आणि म्हणाला, जोराच्या पावसात खाली उतरून राहा, इथे राहू नका. "मी त्याला बोल्ले, आमचा डोंगर मोठे शास्त्रज्ञ बघतात. ते सांगतील तवा उतरू. तू कोन रं टेपवाला? लय गार पडला बिचारा!" पंगत हसली. मीही हसलो, नाना. तोंडात श्रीखंड होतं आणि ते चांगलं झालं होतं.

पंगत उठल्यावर मी तुला भांडारात गाठलं. म्हणालो, हे थांबलं पाहिजे, जाऊन त्यांना खरं सांग. तू पत्रावळ्या आवरत होतास.

"तू सांग. शास्त्रज्ञ तू."

"खोटं तू बोललास!"

"मी तुझं बोललो, मास्तर. माझ्या बापाला तरी 'तत्त्वतः' बोलता आलं असतं काय?"

मग मी तुझा बाप काढला, तुझा मांडव काढला, तुझं शिक्षण काढलं. तू सुतळीची गाठ मारलीस. पत्रावळ्यांचा गठ्ठा काखेत मारून म्हणालास, "पुढच्या मे महिन्यात मी तारखा देतो लग्नांना. खोट्यावर पंगत नाय घालायची मला." शाळा बंद झाली ती अशी. धंद्याची अडचण नव्हती. मी मात्र गावभर सांगितलं, की नानाला लग्नाच्या पैशाची हाव सुटली, धंद्यापुढे विज्ञान बाजूला पडलं; शोकसभेत त्याच हावेची 'अडचण' झाली. तुझ्या कानावर आलंच असेल. तू खोडून काढलं नाहीस. मला वाटलं, खोडून काढायला तुझ्याकडे शब्द नाहीत. त्यानंतर आपण बोललो नाही. बाजारपेठेत तू समोरून आलास की मी औषधांच्या दुकानात शिरायचो. घरात गोळ्या साचल्या.

मग तू गेलास, मृग लागायच्या जरा आधी.

शोकसभेत कारखानदाराने जाहीर केलं, की नानांच्या नावाने उन्हाळी शाळा पुन्हा सुरू करायची आणि अध्यक्ष सर. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! त्या ऐकून मी घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी पोलादपूरची एसटी धरली. पुढे जीप, आणि जीप थांबते तिथून चढण. माझं वय तुझंच. दोनदा वाटलं की इथेच बसावं आणि वाडीची मंडळी बाजाराला खाली येतील तेव्हा त्यांना सांगावं. पाऊस अजून लागला नव्हता, वर डोंगर धुक्यात होता.

शेवंता अंगणात पत्रा बांधत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. पाणी दिलं. मी म्हणालो, "बाई, तुमच्या डोंगराचा कोणी अभ्यास करत नाही. कधीच करत नव्हतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "नाना सांगून गेला शिमग्याला."

नाना, तू तिथे गेला होतास. छातीचं दुखणं घेऊन, ज्या चढणीवर मला दोनदा बसावंसं वाटलं तिच्यावर. ती सांगत होती, की वळणावळणावर बसत आलास, ओठ निळे पडले होते, आणि देवळासमोर सगळ्यांना गोळा करून म्हणालास, मी फसवलं तुम्हाला, त्या टेपवाल्याचं ऐका. आणि म्हणालास, आषाढी झाली की लग्नं बंद, तुळशीच्या लग्नापर्यंत हॉल म्हणजे नुसती शेड, गाद्या हायत, भांडी हायत, पाऊस लागला की खाली या. मुलालाही तसं बजावून ठेवलंस.

"आनि तुमचं बी बोलला," शेवंता म्हणाली. "मास्तराला ह्यातलं काय ठाव नाय. तो वर बघून चालतो. त्याला धरू नका."

वर बघून चालतो! तुझा मला इतका संताप आला, की तू समोर असतास तर... जाऊ दे. मरणाच्या दारात उभा राहून तू मला निर्दोष केलंस, आणि त्यासाठी मला मूर्ख ठरवलंस. मी तुला आयुष्यभर तुच्छ लेखलं, त्याचा हा हिशेब असेल तर चोख केलास. पण सगळा दोष मी तुला एकट्याला घेऊ देणार नाही.

मी तिला म्हणालो, "नाना खोटं बोलला. मला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून."

तिने पत्र्याची तार हातातून सोडली. "परत खोटं बोलला? आनि ह्या खेपेला कोनासाठी?"

"माझ्यासाठी."

तिने माझ्याकडे बघितलं. मी वर्गात ढ मुलाकडे बघायचो ना, तसं. मग शेजारच्या अंगणात ओरडून म्हणाली, "ऐकलंस गो? ह्याला बी ठाव व्हतं. दोगं बी सारकेच!" आणि मला म्हणाली, "आमी त्या टेपवाल्याला हसलो, सर. तुमी समोर बसून जेवत व्हता."

तिने माफ केलं नाही, मीही माफी मागितली नाही. उठताना तिने एक गाठोडं माझ्या हातात दिलं. "खाली जाताय ना? मग हे हॉलवर ठेवा. आमी मागनं येतो." ते जड होतं. सगळी उतरण मी तुला शिव्या देत उतरलो.

नाना, आता ती सगळी तुझ्या हॉलवर आहेत. आषाढी व्हायच्या आधीच पाऊस लागला आणि वरच्या कोंडातली घरं रिकामी झाली. संशोधक ज्या गाद्यांवर झोपून कुरकुर करायचे, त्यांच्यावर वाडी झोपते. वराच्या खुर्चीवर पोरांचे ओले कपडे वाळत असतात. तुझा मुलगा तोंड वाकडं करतो पण सिलिंडर भरून आणतो, अगदी तुझ्यासारखा. कारखानदाराला मी कळवलं, की शाळा व्हायचीच असेल तर अर्जातला तो रकाना मी रिकामा ठेवणार, आणि पंगतीच्या देणग्या वाड्यांकडून घेणार नाही. त्यानंतर त्याला पुन्हा एक फोन आला असावा. तो इकडे फिरकलेला नाही. दरडींचा खरोखर अभ्यास करणाऱ्या दोघा-तिघांना मी पत्रं लिहिली आहेत. त्या सर्वेक्षणाच्या माणसालाही शोधतो आहे. अजून कोणाचं उत्तर नाही.

रोज दुपारी मी हॉलवर जातो. काही करत नाही, करता येत नाही. तुझा तो काळा फळा भिंतीला टेकून उभा आहे. आता त्याच्यावर फक्त 'सहर्ष स्वागत' उरलं आहे. काल पावसाने कहर केला होता. शेवंता दारात उभी होती, पोलादपूरच्या बाजूला बघत. म्हणाली, "सर, पावसाचा हाच जोर ऱ्हायला, तर डोंगर ऱ्हाईल काय?"

तत्त्वतः हा शब्द जिभेवर आला होता, नाना. सवय आहे. गिळला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"आनि बघनारा मानूस कवा येनार?"

"तेही माहीत नाही."

तिने दार लोटून घेतलं. मग आत वळली आणि बायकांना म्हणाली, "ठाव नाय बोलतो गो. गाद्या नीट घाला, मुक्काम हाय."